अडलेली ओळ पाठवा : गणित ऑनलाइन विचारायचं कसं आणि सांगायचं कसं

जूनमध्ये पाऊस धरला की आमच्याकडे मोबाइलची रेंज सुटते. देवगड तालुक्यातल्या आमच्या वाडीत मग एकच उपाय उरतो, सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर चढायचं. कातळाच्या टोकाला उभं राहिलं की दोन काड्या दिसतात. तिथे छत्री मानेत अडकवून दहावीतला एक मुलगा गणिताचा फोटो पाठवतो, खाली लिहितो, "बाई, ह्या माका समजला नाय," आणि उतरून घरी जातो. मी संध्याकाळी विचारते, "कुठे अडलं?" माझा प्रश्न त्याला दिसतो दुसऱ्या दिवशी, पुन्हा सड्यावर गेल्यावर. तो लिहितो, "सगळाच." तिसऱ्या दिवशी वीज नसते. एका गणितात आठवडा गेला.

शाळा सुटल्यावर, म्हणजे मी निवृत्त झाल्यावर, हा व्हॉट्सॲप ग्रुप माझ्या गळ्यात पडला. विचारणारी मुलं इथली. सांगणारे बरेचसे चाकरमानी आहेत. कोणी मुंबईत इंजिनिअरिंग करतंय, कोणी ठाण्याला बँकेत आहे, कोणी लोकलमध्ये एका हाताने दांडी धरून दुसऱ्या हाताने उत्तर टाइप करतंय. इकडे रेंज नाही, तिकडे वेळ नाही. "म्हणजे काय?", "कोणतं पान?", "आकृती कुठाय?" असं मागेपुढे करायला दोघांनाही फुरसत नसते. प्रश्न एका खेपेत पुरा जायला हवा. जुन्या काळी आंतर्देशीय पत्र लिहायचे तसा. पत्र पेटीत पडलं की "अरे, ते सांगायचं राहिलं" म्हणून उपयोग नसायचा.

पुढचं सगळं त्या एका खेपेसाठी आहे.

फोन हातात घेण्याआधी

आधी वही. गणित स्वतःच्या हाताने उतरवून घ्या, पुस्तकातला फोटो बघत बसू नका. उतरवताना अर्ध्या चुका दिसतात. "कमीत कमी" होतं तिथे आपण "जास्तीत जास्त" वाचलेलं असतं. मग दोन ओळी लिहा, काय दिलंय आणि काय काढायचंय. शब्दांतलं गणित असेल तर आकृती काढा, वाकडी आली तरी चालेल.

त्यानंतर पंधरा मिनिटं झटापट करा. सरावसंचाच्या आधीची सोडवलेली उदाहरणं बघा, कारण बहुतेक गणितं त्यांचीच भावंडं असतात. पुस्तक फाटलं असेल किंवा भावाने नेलं असेल तर बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ मोफत मिळतं. रेंज असेल त्या दिवशी एकदाच उतरवून ठेवा.

एवढं करूनही सुटलं नाही, तर आता महत्त्वाचं काम. आपली अडलेली ओळ शोधायची.

"सगळंच अडलं" हे सहसा खरं नसतं. मी मुलांना विचारते, शेजारच्या पोराला छातीठोकपणे पटवून देशील अशी तुझी शेवटची ओळ कोणती? ती ओळ आणि तिच्या खालची ओळ यांच्या मधे कुठेतरी तुमचं गणित अडलेलं असतं. पाठवायची ती जागा. बाकीचं गणित तिच्या आगेमागे, संदर्भापुरतं.

एक निरोप, जवळून

गेल्या पावसाळ्यात ग्रुपवर आलेला हा निरोप मी जपून ठेवलाय. नवीन मुलांना तोच दाखवते.

"इयत्ता दहावी, स्टेट बोर्ड, गणित भाग २, त्रिकोणमिती. पुस्तकातलं नाही, सराव चाचणीतलं आहे.
गणित : ४८ मीटर उंच दीपगृहाच्या माथ्यावरून एक होडी ३०° च्या अवनत कोनात दिसते. होडी दीपगृहाच्या पायथ्यापासून किती लांब आहे? (√३ = १.७३)
मी केलेलं : माथा अ, पायथा ब, होडी क. कोन ब काटकोन. कोन बअक = ३०° धरला. टॅन ३०° = बक/अब, म्हणून बक = ४८/√३ = १६√३ = २७.६८ मी.
दिलेलं उत्तर : ८३.०४ मी.
अडलं ते : अवनत कोन वरून बघताना होतो ना? मग तो अ पाशी घेतला तर चुकलं काय?"

(दीपगृह देवगडच्या किल्ल्यावर खरंच आहे. ४८ मीटर मात्र गणितापुरते, कोणी टेप घेऊन जाऊ नका.)

या निरोपात काय काय आहे ते बघा. इयत्ता आणि बोर्ड आहे, त्यामुळे सांगणाऱ्याला कळतं की कुठली पद्धत चालेल. गणित पूर्ण आहे, √३ ची किंमतसुद्धा. आकृती नसली तरी कोणतं अक्षर कुठे ते सांगितलंय. आणि दोन्ही उत्तरं आहेत, मुलीचं आणि छापलेलं. यातली दुसरी गोष्ट मुलं नेहमी गाळतात, आणि तीच सोन्यासारखी असते. ८३.०४ ला २७.६८ ने भागा, बरोब्बर ३ येतात. टॅन ६०° हा टॅन ३०° च्या तिप्पट असतो. म्हणजे आकृती न बघताच कळलं की पोरीने ६०° च्या जागी ३०° घेतलेत. ठाण्याच्या ताईने स्टेशन यायच्या आत उत्तर टाकलं.

"अ मधून एक आडवी रेघ काढ, पाण्याला समांतर. अवनत कोन त्या रेघेपासून खाली मोजतात, दीपगृहाच्या भिंतीपासून नव्हे. ती रेघ आणि भिंत यांत ९०° आहेत. मग तुझ्या त्रिकोणात अ पाशी किती उरले?"

पुढचं गणित मुलीने स्वतः केलं. टॅन ६०° = बक/४८, बक = ४८√३. हेच ताईने सोडवून दिलं असतं तर पुढच्या चाचणीत तोच कोन पुन्हा भिंतीला चिकटला असता.

यातच एक छोटी गंमत सांगून ठेवते. मुलीच्या पहिल्या ४८/√३ च्या ओळीत ४८ ला सरळ १.७३ ने भागलं तर २७.७५ येतात, आणि १६ ला १.७३ ने गुणलं तर २७.६८. दोघांच्या उत्तरांत एवढासा फरक दिसला की मुलं घाबरून फोन करतात. चूक कोणाचीच नाही, √३ दोन दशांश स्थळांवर छाटल्याचा तो परिणाम. म्हणून निरोपात नुसता दशांश देऊ नका, आधीचं १६√३ पण लिहा.

फोटो की टाइप?

भूमितीला फोटो, बीजगणिताला टाइप, असं माझं मत. फोटो काढायचा तर वही खिडकीपाशी ठेवा. रात्री बल्बखाली आपल्याच डोक्याची सावली पडते. एका फोटोत एकच गणित घ्या आणि त्याच्याभोवती पेन्सिलने गोल करा. पान आडवं पाठवू नका. लोकलमधला माणूस मान वाकडी करून किती वाचणार? आणि फोटोखाली एक ओळ तरी टाइप कराच. का, ते शेवटी येईल.

टाइप करताना सगळा घोळ कंसांचा. पुस्तकात अपूर्णांकाची रेघ आडवी असते, तिच्या वर काय आणि खाली काय ते डोळ्यांना दिसतं. फोनवर ती तिरकी होते आणि हा अर्थ जातो. एका मुलाने लिहिलं, क्ष + ३/२ = ५. मी उत्तर दिलं ३.५. तो म्हणाला, पुस्तकात ७ आहे. पुस्तकात होतं (क्ष + ३)/२ = ५. दोघेही बरोबर, कंस तेवढा सड्यावर राहिला होता. तसंच १/२क्ष म्हणजे क्ष चा अर्धा की २क्ष ने भागलेला १? (१/२)क्ष किंवा १/(२क्ष) असं लिहा. कंस जास्त झाले म्हणून कोणी रागावत नाही. पुस्तकात क्ष-य ऐवजी इंग्रजी अक्षरं असतात, तुम्ही तीच वापरा. माझ्या हाताला क्ष-य बसलेत, एवढंच.

वर्गासाठी ^ ही खूण वापरा, क्ष^२. वर्गमुळाखाली नेमकं काय आहे ते कंसात, √(क्ष + ४). गुणाकाराला तारका नको. व्हॉट्सॲप दोन तारकांमधला मजकूर कधी ठळक करून टाकतं आणि तारका गिळतं, मग २ आणि ३ चे २३ होतात. × ही खूण कीबोर्डवर असते, शोधा. वजाबाकीची खूण ओळीच्या शेवटी एकटी सोडू नका, ती कोणाला दिसत नाही.

आवाजी निरोप शक्यतो नको. बाहेर पत्र्यावर पाऊस वाजत असताना "एकोणसत्तर" आणि "एकोणसाठ" यांतला फरक कोणाला कळतो? २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात सत्तावीसला "वीस सात" केलं तेव्हा मीही नाक मुरडलं होतं. आवाजी निरोप ऐकताना मात्र ती पुस्तकवाली मंडळी आठवतात. बोलायचंच असेल तर आकडे सुटे सांगा, "सहा नऊ".

एका शब्दाचे दोन अर्थ

आमच्याकडे अर्ध्या मुलांचं गणित सेमी इंग्रजीतून, अर्ध्यांचं मराठीतून. एकाला "एचसीएफ" कळतो, दुसऱ्याला "मसावि". सांगणारे चाकरमानी तर कॉलेजात गेल्यावर मराठी शब्द विसरलेले. यात माझीच एकदा फजिती झाली. एका मुलीने लिहिलं, "बाई, मीडियनचं गणित अडलंय." मी उत्साहाने संचित वारंवारतेचा तक्ता आणि मध्यकाचं सूत्र लिहून पाठवलं. तिला हवं होतं अपोलोनियसचं प्रमेय! इंग्रजीत सांख्यिकीतला मध्यक आणि त्रिकोणातली मध्यगा या दोघांनाही तोच शब्द. म्हणून शब्दाच्या आधी प्रकरणाचं नाव लिहा. "पायथागोरसचं प्रमेय, मीडियन" एवढं असतं तरी मी शहाण्यासारखी वागले असते.

मराठीतही सापळे आहेत. समरूप आणि एकरूप यांत गफलत करून सिद्धता लिहिली की पूर्ण पान वाया. कोणता शब्द वापरावा याची शंका असेल तर दोन्ही भाषांतला लिहा, "स्पर्शिका म्हणजे टँजंट". लाजायचं काही कारण नाही.

लाजेचं काय?

खरी अडचण बहुतेक वेळा रेंजची नसते. दहावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षं पहिला येतो, आपण पेढे वाटतो, आणि ज्या पोराला गणित येत नाही ते आणखीच गप्प बसतं. शिवाय वाडीत सगळे सगळ्यांना ओळखतात. सकाळी विचारलेला प्रश्न दुपारी पिठाच्या गिरणीवर पोचतो.

यावर मी दोन गोष्टी केल्या. एक, मला एकटीला पाठवा, मी नाव न घालता ग्रुपवर टाकते. दोन, हसणाऱ्याला ग्रुपमधून काढते, मग तो कोणाचा का मुलगा असेना. दापोलीजवळच्या मुर्डीचे रघुनाथ परांजपे १८९९ साली केंब्रिजला सीनिअर रँग्लर झाले, म्हणजे तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिले आले, असा मान मिळवणारे पहिले भारतीय. ते "रँग्लर" म्हणजे मुळात वाद घालणारा. पूर्वी तिथे पदवीसाठी तोंडी वाद घालावा लागे, त्यावरून आलेला शब्द. आता वाद घालण्यात कोकणी माणूस कोणाला ऐकतो? पण गणित आलं की त्याच्या तोंडाला कुलूप.

सांगणाऱ्यांनो, जरा थांबा

चांगल्या सांगणाऱ्याची खोड म्हणजे पूर्ण उत्तर टाकणं. मलाही हात आवरावा लागतो. हे उदाहरण घ्या. बागेच्या पहिल्या ओळीत १२ माड, पुढच्या प्रत्येक ओळीत ३ जास्त, अशा २० ओळी, एकूण माड किती? मुलाने लिहिलं, २०/२ × (२४ + २० × ३) = ८४०. उत्तर ८१०.

"२० नाही, १९ घे" असं सांगणं दोन सेकंदांचं काम. पण त्याच्या डोक्यात १९ आकाशातून पडेल. त्याऐवजी विचारा, "पहिल्या ओळीत ३ किती वेळा मिळवले? दुसरीत? तिसरीत? मग विसावीत?" तो शून्य, एक, दोन मोजत १९ पर्यंत स्वतः जातो, आणि सूत्रात "न वजा १" का असतं ते त्याला फुकटात कळतं. विसाव्या ओळीत ६९ माड, पहिलीत १२, दोघांची बेरीज ८१, अशा दहा जोड्या. हे चित्र त्याला दिसलं की सूत्र पाठ करायची गरजही उरत नाही.

उत्तर द्यायला घेताना आधी "मी बघतोय" एवढं टाका, नाहीतर तिघं एकाच वेळी तीन पद्धती सांगतात आणि पोरगं बावरतं. पद्धत त्याच्या इयत्तेची हवी. आमच्या एका इंजिनिअर दादाने दहावीच्या वर्गसमीकरणाला विकलन (डिफरन्शिएशन) लावलं. उत्तर बरोबर, पण मुलाने घाबरून दोन दिवस फोन उघडला नाही. बोर्डाच्या पेपरात पायऱ्यांना गुण असतात, भूमितीच्या सिद्धतेत प्रत्येक विधानापुढे कारण लागतं, तेव्हा कारण लिहायची सवय तुमच्या उत्तरातही दिसू द्या.

"सोपं आहे रे" हे शब्द आमच्या ग्रुपवर बंद आहेत. तुमचं चुकलं तर निरोप गुपचूप पुसू नका. "माझं चुकलं, तिसरी ओळ अशी हवी" असं खाली लिहा. मुलांनी चुकीचा निरोप वहीत उतरवून घेतलेला असतो, तो पुसला जात नाही.

एक गोष्ट मात्र ठाम. परीक्षा चालू असताना, अगदी घटक चाचणी असली तरी, पेपरातलं गणित आलं तर उत्तर द्यायचं नाही. वेळ आणि तारीख बघा. शंका आली तर "संध्याकाळी सांगते" म्हणा. आणि प्रगतिपुस्तकाचा किंवा प्रवेशपत्राचा फोटो पाठीमागे दिसत असेल तर तो काढून टाकायला लावा. बैठक क्रमांक आणि जन्मतारीख ग्रुपवर फिरायला नको.

ग्रुपच्या बाहेर

मोठ्या मुलांसाठी मॅथ स्टॅक एक्स्चेंज हे गणिताच्या प्रश्नोत्तरांचं इंग्रजी संकेतस्थळ आहे, २०१० पासून. तिथे जगभरची मंडळी फुकट उत्तरं देतात, पण स्वतः काय केलं ते न लिहिता नुसतं गणित टाकलं तर प्रश्न बंद करतात. आमच्या मुलांना याचं वाईट वाटतं. मी म्हणते, दीपगृहाचा निरोप इंग्रजीत करून टाक, कोणी बंद करणार नाही. चिन्हं लिहायला तिथे लाटेक लागतं. डोनाल्ड कनुथ यांनी १९७८ मध्ये टेक ही छपाईची प्रणाली काढली, तिच्यावर उभं राहिलेलं हे. दोन डॉलरच्या खुणांमधे सूत्र लिहायचं, दुसऱ्यांचे प्रश्न बघत दोन दिवसांत जमतं. मॅथओव्हरफ्लो नावाची जागा संशोधकांची आहे, तिथे दहावीचं गणित नेऊ नका. ऑलिंपियाडची हौस असेल तर मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या संकेतस्थळावर जुन्या प्रश्नपत्रिका मिळतात.

आकृतीबद्दल शंका असेल तर जिओजिब्रा हे आकृत्या काढायचं ॲप फोनमध्ये घेऊन ठेवा. मोफत आहे आणि एकदा घेतलं की रेंज नसली तरी चालतं. बिंदू ओढून बघितला की पुष्कळ प्रश्न विचारायच्या आधीच विरतात.

फोटो काढला की उत्तर देणारी ॲप आणि आताचे एआय चॅटबॉट यांच्याबद्दल मी कडवी नाही. सड्यावर रात्री आठला ठाण्याची ताई नसते, ते असतात. पण ते चुकीचं उत्तरही तितक्याच आत्मविश्वासाने देतात. म्हणून आलेली किंमत मूळ समीकरणात घालून बघा. क्ष = ७ म्हणतंय? (७ + ३)/२, झाले ५, ठीक. दीपगृहाच्या गणितात होडी पाच सेंटिमीटरवर आली तर कोणीतरी कुठेतरी घसरलंय. आणि चॅटबॉटलाही पूर्ण उत्तर मागू नका, "माझी चौथी ओळ तपास, पुढचं सांगू नकोस" असं लिहा.

सुटल्यावर

सुटलं की बहुतेक मुलं गायब होतात. आमच्याकडे नियम आहे की "सुटलं" लिहायचं, आणि त्याच निरोपात प्रकरणाचं नाव, गणिताचा एखादा ठळक शब्द आणि चूक कुठे होती ते एका ओळीत टाइप करायचं. दीपगृहवाल्या मुलीने लिहिलं, "त्रिकोणमिती, अवनत कोन, दीपगृह. सुटलं. कोन आडव्या रेघेपासून मोजायचा, मी भिंतीपासून घेतला." फोटोखाली एक ओळ टाइप करा म्हटलं ते याचसाठी, कारण फोटोतला मजकूर शोधला तर सापडत नाही, टाइप केलेला सापडतो. आणि फोनमध्ये आलेले निरोप शोधायला रेंज लागत नाही. फेब्रुवारीत सराव परीक्षेच्या आदल्या रात्री, वीज गेलेली असताना, कुठल्यातरी माजघरात एखादं पोर शोधात "अवनत" टाकतं आणि जूनमधलं दीपगृह वर येतं.